जुन्या वास्तूला नवे काम
(ज्युबिली समारंभात धर्मगुरूंनी दिलेले व्याख्यान)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी मी आपणांपुढे आपल्या देवळाचा इतिहास सांगावा, अशी पुष्कळांची अपेक्षा असेल. तो इतिहास या पुस्तिकेत अन्यत्र छापलेला आहे, आणि तो लिहिणारी मंडळी माझ्याहून अधिक माहितगार आहेत. म्हणून आज मी एक निराळा विषय घेतो. आपल्या आवारातील जुन्या शाळेच्या दालनाचे काय करावे, हा प्रश्न गेले वर्षभर आपल्यात चर्चिला जात आहे. कोणी म्हणतात, ते पाडून त्या जागी नवे सभागृह बांधावे. कोणी म्हणतात, वाडवडिलांची आठवण म्हणून ते आहे तसेच राहू द्यावे. उभी असलेली वास्तू राखून तिला नवे काम देता येईल काय, हा तिसरा विचार मात्र फारसा कोणी बोलून दाखवीत नाही. त्या विचाराविषयी मला चार शब्द बोलावयाचे आहेत. आणि त्यासाठी आपल्याच साष्टी बेटातील, म्हणजे आज ज्यास आपण मुंबईची उपनगरे म्हणतो त्या प्रदेशातील, काही वास्तूंचे दाखले घ्यावयाचे आहेत.

प्रारंभी 'ज्युबिली' या शब्दाकडेच पाहू. जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात ज्युबिलीचा नियम दिला आहे. दर पन्नासाव्या वर्षी शिंग फुंकले जावे, दास मोकळे व्हावेत आणि विकली गेलेली जमीन मूळ घराण्याकडे परत जावी, असा तो नियम होय. त्याचे कारणही तेथेच सांगितले आहे: जमीन परमेश्वराची आहे आणि माणसे तिच्यावर काही काळ वस्तीस आलेली आहेत. आपले वाडवडील शेतकरी होते, तेव्हा हे त्यांच्या शब्दांत सांगणे सोपे आहे. मालक वर आहे; आपण सर्व कुळे आहोत. कुळाने जमीन कसावी, बांध घालावा, झाडे लावावी. परंतु ती अशा रीतीने राखावी की मागून येणाऱ्यालाही तिचा उपयोग व्हावा. जमिनीस जो न्याय, तोच वास्तूसही लागू आहे, असे माझे म्हणणे आहे.

आता कोणी म्हणेल की, देवळाची गोष्ट निराळी. देऊळ हे प्रारंभापासून देवासाठीच बांधलेले असते. इतिहास पाहिला तर तसे आढळत नाही. आपल्या प्रभूने पहिला मिस्साबली अर्पण केला तो एका गृहस्थाच्या माडीवर, मागून घेतलेल्या खोलीत. त्यानंतर सुमारे पावणेतीनशे वर्षे ख्रिस्ती मंडळी बहुतांशी घरांतूनच जमत असे. अशा एका घराचे अवशेष सिरिया देशात फरात नदीच्या काठी, दुरा-युरोपस नावाच्या प्राचीन नगरात, गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात उत्खननात सापडले. ते घर तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातील आहे. रस्त्यावरून पाहणाऱ्यास ते शेजारच्या घरांसारखेच दिसे. आत मात्र मंडळींनी मोजके बदल केले होते. दोन खोल्यांमधील भिंत काढून एक लांब दालन केले, म्हणजे सर्वांना एकत्र बसता यावे. एका लहान खोलीत भिंतीलगत पाण्याचे कुंड बांधून त्यावर खांबांचे छत्र उभारले, म्हणजे तेथे बाप्तिस्मा देता यावा. त्या खोलीच्या भिंतींवर उत्तम मेंढपाळाचे आणि प्रभूच्या चमत्कारांचे चित्रण केले. एक भिंत काढणे, एक कुंड बांधणे आणि रंगाचे काही हात देणे, एवढ्यावर एका कुटुंबाचे राहते घर सबंध मंडळीचे घर झाले. पुढे नगरास वेढा पडणार असे दिसताच तटबंदी बळकट करण्यासाठी ते घर मातीने भरून टाकण्यात आले; त्या मातीमुळेच ते आपल्या काळापर्यंत टिकले. तेव्हा पडक्या वास्तूस निरुपयोगी म्हणण्यापूर्वी माणसाने जरा थांबावे हे बरे.

राजसत्तेचा आश्रय मिळाल्यावर मोठमोठी देवळे बांधली गेली हे खरे. परंतु उभ्या वास्तूला नवे काम देण्याची रीत त्यानंतरही सुटली नाही. रोम शहरातील पँथिऑन हे रोमन देवतांचे मंदिर हेड्रियन बादशहाच्या कारकिर्दीत, इ. स. १२५ च्या सुमारास, आजच्या स्वरूपात पुरे झाले. इ. स. ६०९ मध्ये चौथे बोनिफेस पोप यांनी फोकास बादशहाच्या संमतीने ते पवित्र मरिया आणि सर्व रक्तसाक्षी यांच्या नावे अर्पण केले. त्याच्या घुमटाचा व्यास सुमारे ४३ मीटर आहे, आणि घुमटाच्या माथ्यावर सुमारे ९ मीटर रुंदीचे उघडे वर्तुळ आहे. त्यातून ऊन येते तसा पाऊसही येतो. म्हणून फरशीस किंचित उतार ठेवून पाणी जाण्यास छिद्रे ठेवलेली आहेत. ख्रिस्ती लोकांनी ते वर्तुळ बुजविले नाही. मिस्साविधी आजही त्याच उजेडात होतो. ते देऊळ झाले म्हणूनच ती इमारत इतकी शाबूत राहिली, असे इतिहासकार सांगतात. तिच्या बरोबरीच्या कित्येक इमारतींचे दगड लोकांनी दुसऱ्या बांधकामांसाठी उचलून नेले.

त्याही आधी, इ. स. ६०१ मध्ये, महान ग्रेगरी पोप यांनी इंग्लंडास निघालेल्या मेलितुस या मठाधिपतीस एक पत्र लिहिले होते. तेथील लोकांची जुनी मंदिरे पाडू नयेत. आतील मूर्ती काढून वास्तू चांगली असेल तर तिच्यातच वेदी उभारावी, म्हणजे लोक ओळखीच्या जागी निःशंक मनाने येतील, असा त्या पत्राचा आशय आहे. हा सल्ला त्या काळाच्या मानाने सौम्य होता. तरीही त्यात एक कठीण भाग आहेच: वास्तू राखावी, पण आतल्या मूर्ती काढाव्या. हा कठीण भाग आपणांस आपल्या उपनगरातच पुढे भेटणार आहे, म्हणून तो ध्यानात ठेवावा.

एक दाखला आणखी. रोममध्येच डायोक्लेशन बादशहाची प्रचंड स्नानगृहे होती. ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या या बादशहाने ती ख्रिस्ती बंदिवानांकडून सक्तीने बांधवून घेतली, अशी परंपरा आहे. १५६१ मध्ये चौथे पायस पोप यांनी त्या अवशेषांत देऊळ करण्याचे काम मायकेलअँजेलो यास सांगितले. त्या वेळी त्याचे वय ८६ वर्षांचे होते. नवे शिखर उभारून आपले नाव करण्याची संधी त्याला होती. त्याने स्नानगृहाच्या मधल्या दालनाची कमानदार छपरे तशीच ठेवली आणि ग्रॅनाइटचे आठ प्रचंड खांब होते तेथेच राहू दिले. पुढे त्या देवळाच्या आतील रूपात पुष्कळ फेरफार झाले. परंतु आत शिरणाऱ्यास आपण रोमन दालनात उभे आहोत हे आजही कळते. ज्यांच्या घामाने त्या भिंती उभ्या राहिल्या असे परंपरा सांगते, त्यांच्या धर्मबंधूंची प्रार्थना त्याच भिंतींत होते.

असो. आता रोमहून आपण बोरिवलीस येऊ. बोरिवलीच्या पश्चिमेस ज्या टेकडीला आपण माउंट पॉइन्सर म्हणतो तेथे मंडपेश्वराचे लेणे आहे, हे आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. अखंड खडकात कोरलेले हे शिवालय सहाव्या ते आठव्या शतकांच्या दरम्यानचे असावे, असे जाणकार मानतात. पुढे खांबांची ओसरी, आत सभामंडप, मध्यभागी मागे गाभारा आणि बाजूस लहान दालने, अशी त्याची रचना आहे. एका बाजूच्या दालनात तांडव करणाऱ्या शिवाचा मोठा शिल्पपट आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सिस्कन संघाचे फ्रे अंतोनियो दो पोर्तो या भागात आले. त्यांनी या लेण्यात मरियामातेच्या नावाने प्रार्थनास्थान केले आणि वर टेकडीच्या माथ्यावर फ्रान्सिस्कनांनी मठ व विद्यालय बांधले. त्या इमारतीच्या पडक्या भिंती आजही उभ्या आहेत.

बांधणीच्या दृष्टीने पाहिले तर हे काम मोठ्या कल्पकतेचे होते. खडकातील मंडपास वासे नकोत, कौले नकोत. साष्टीच्या मुसळधार पावसात गळण्याची भीती नाही आणि वैशाखातही आत गारवा. खालचा खडक हाच वरच्या मठाचा पाया झाला. म्हणजे एकाच टेकडीच्या पोटात देऊळ आणि माथ्यावर पाठशाळा. नवे फार थोडे बांधून त्यांनी पुष्कळ साधले. लोकांच्या दृष्टीने पाहिले तर, ज्या जागी त्यांचे आजे-पणजे हात जोडीत असत तेथेच त्यांना हात जोडावयाचे होते. आपल्या लोकांच्या बोलण्यात चर्चला 'देऊळ' हाच शब्द आजतागायत राहिला आहे. धर्म बदलला, तरी पूजास्थानासाठी जिभेवर जो शब्द होता तोच लोकांनी ठेवला. एका जुन्या शब्दाला नवे काम देण्याचे हे सुंदर उदाहरण आहे. आणि ते कोणा पाद्र्याने शिकविलेले नसून लोकांनी आपण होऊन केलेले आहे.

परंतु या कामाची दुसरी बाजू न सांगणे हे सत्यास सोडून होईल. लेण्यातील शिल्पे चुन्याने आणि भिंतींनी झाकण्यात आली. काहींची मोडतोड झाली. एके ठिकाणी जुन्या कोरीव कामाच्या जागी खडकात मोठा क्रूस कोरला गेला. तो आजही तेथे दिसतो. त्या काळच्या लोकांना यात काही वावगे वाटले नसेल. युरोपातही त्या शतकात ख्रिस्ती लोक एकमेकांच्या देवळांतील मूर्ती फोडीत होते. तरीही, ज्या लोकांनी तो नटराज घडविला आणि ज्यांनी त्याची पूजा केली ते आपलेच पूर्वज होते, ही गोष्ट आपण विसरता कामा नये. आपल्या नसांत ज्यांचे रक्त आहे त्यांच्या हातचे काम झाकले गेले. ते झाकणाऱ्यांचे आपण धर्माने वारस आहोत आणि ते घडविणाऱ्यांचे रक्ताने. साष्टीच्या ख्रिस्ती माणसास हे दोन्ही वारसे एकत्र वाहावे लागतात.

पुढे काय झाले ते प्रसिद्धच आहे. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला व साष्टी घेतली. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली. मंडपेश्वराचे देऊळ ओस पडले. कालांतराने झाकलेली शिल्पे पुन्हा उघडी झाली. आज ते लेणे पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. तेथे शिवाची पूजा होते, आणि जवळच निष्कलंक गर्भसंभवाच्या मरियामातेचे आपले देऊळ आहे. तांडवाचा तो शिल्पपट आज आपणांस पाहता येतो. भिंत बांधणाऱ्यांनी तो फोडला असता तर तो कायमचा गेला असता. केवळ झाकला, म्हणून तो परत मिळाला. यातून वास्तू बदलणाऱ्यास एक व्यावहारिक धडा मिळतो, त्याकडे मी पुन्हा येईन.

याच विजयाची एक दुसरी गोष्ट सांगण्यासारखी आहे. वसई पडल्यावर तेथील देवळांतील घंटा विजयचिन्हे म्हणून नेण्यात आल्या आणि महाराष्ट्रातील अनेक मंदिरांत टांगल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरातील घंटा पुष्कळांनी पाहिली असेल. तिच्यावर १७२१ हे वर्ष आहे. वाईजवळ मेणवली येथे कृष्णेच्या घाटावर नाना फडणविसांच्या वाड्यालगतच्या मंदिराची घंटा १७०७ सालची असून तिच्यावर बाळ येशूस घेतलेल्या मरियामातेची आकृती आहे. घंटा नेणाऱ्यांनी ती आकृती घासून टाकली नाही. घंटा वितळवून तोफ ओतता आली असती, तेही केले नाही. ती घंटा शिवमंदिरात टांगली गेली, आणि तिच्या अंगावर मरियामाता आपल्या बाळासह आहे तशीच राहिली. युद्धात घेतलेली वस्तू आहे, हे खरे. त्या युद्धात आपल्या लोकांची देवळे उद्ध्वस्त झाली, हेही खरे. परंतु एका वस्तूस नवे काम देताना तिच्यावरील जुनी खूण पुसू नये, हा विवेक कृष्णेकाठी पाळला गेला आणि आपल्या टेकडीवर पाळला गेला नाही. ज्युबिलीच्या दिवशी हे बोलणे कोणास कडू वाटेल. परंतु ज्युबिलीचा मूळ अर्थच ज्याचे त्यास परत देणे हा आहे, आणि दुसऱ्याच्या चांगुलपणाचे श्रेय त्यास देणे हाही त्याचाच भाग होय.

आता अंधेरीकडे वळू. मरोळजवळ कोंडिविटे येथे बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाचे देऊळ येशुसंघीय धर्मगुरूंनी १५७९ मध्ये बांधले. १८४० च्या सुमारास तेथे साथीचा रोग पसरला आणि लोक गाव सोडून मरोळास गेले. देऊळ पाठीवर घालून नेता येत नाही. परंतु जे नेता येईल ते त्यांनी नेले. जुन्या देवळातील वेद्या, मूर्ती, खांब आणि बाप्तिस्म्याचे कुंड मरोळच्या नव्या देवळात बसविण्यात आले. हे देऊळ शुभवर्तमानकार संत योहान याच्या नावे आहे. यातील कुंडाचा विचार करा. ज्या दगडावर आजीचा बाप्तिस्मा झाला त्याच दगडावर नातवाचा होतो, मग भोवतालच्या भिंती कोणत्याही असोत. घर बदलले, परंतु कुटुंब तेच राहिले, हे त्या एका दगडाने सर्वांस सांगितले.

मागे राहिलेल्या जुन्या देवळाभोवती रान माजले. १९७३ मध्ये त्या परिसरात सीप्झ ही निर्यात-उद्योगांची वसाहत सुरू झाली, आणि आज ते भग्न देऊळ कारखान्यांच्या व संगणक कचेऱ्यांच्या मध्ये उभे आहे. वर्षातून एकदा मे महिन्यात लोक तेथे मिस्सासाठी जमतात. एका दिवसापुरते का होईना, त्या भिंतींस त्यांचे काम परत मिळते. ज्याचे छप्पर गेले आहे त्या वास्तूचेही काम संपलेले नसते, हे तेथे गेल्यावर कळते.

इतक्या दूरचे दाखले कशाला, असे वाटत असेल तर आपल्या घरांकडे पाहू. आपल्या गावठाणातील जुन्या घरांना पुढे पडवी असते आणि कित्येक घरांना बाहेरच्या बाजूने लाकडी जिना असतो. बाहेरचा जिना असल्यामुळे वरचा मजला विवाहित मुलास किंवा भाडेकरूस स्वतंत्रपणे देता येतो. घर न पाडता त्याचे दोन संसार होतात. पडवी ही सकाळी धान्य निवडण्याची जागा, दुपारी मुलांची अभ्यासाची, सायंकाळी रोझरीची, आणि घरात मृत्यू झाला तर सांत्वनास येणाऱ्यांना बसावयाची जागा. एकाच जागेकडून चार कामे घेण्याचे हे शास्त्र आपल्या आयांना कोणत्याही विद्यालयात न जाता अवगत होते. गल्लीतील क्रूसाचेही तसेच आहे. त्यांतील कित्येक क्रूस १८९६ साली मुंबईत सुरू झालेल्या प्लेगच्या वेळी उभारलेले आहेत. चार घरांतून खुर्च्या आणि एक सतरंजी आणली की सायंकाळी अर्ध्या तासापुरती ती गल्ली देऊळ होते, आणि प्रार्थना आटोपली की पुन्हा गल्ली होते.

२०२० च्या मार्च महिन्यात करोनाच्या साथीमुळे देवळांची दारे बंद झाली, तेव्हा हीच विद्या आपल्या कामी आली. चाळीतील एका खोलीत वा इमारतीच्या दोन खोल्यांत जेवणाच्या मेजावर पांढरे कापड घालून, क्रूस व मेणबत्ती ठेवून कुटुंबे मिस्सासाठी दूरचित्रावर बसत असत. जेवणाचे मेज वेदीचा आदर पावले. प्रभूने प्रारंभ केला तोही जेवणाच्या मेजावरूनच. म्हणून त्यात विपरीत असे काहीच नव्हते.

वयोवृद्ध मंडळींना आणखी एक बदल आठवत असेल. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने १९६३ मध्ये उपासनाविधीविषयीचे आज्ञापत्र संमत केले, आणि त्यानंतर धर्मगुरू लोकांकडे तोंड करून मिस्सा अर्पण करू लागले. प्रत्येक देवळापुढे प्रश्न पडला की, भिंतीला लागून असलेल्या जुन्या उंच वेदीचे काय करावे? काही ठिकाणी ती काढून टाकण्यात आली. पुष्कळ ठिकाणी मात्र ती जागची न हलविता तिच्यापुढे साधी नवी वेदी मांडली गेली आणि जुन्या वेदीत पवित्र साक्रामेंत ठेवण्याची पेटी राहिली. अशा देवळात शिरणाऱ्या मुलास दोन्ही काळ एका दृष्टीत दिसतात. काढलेले कोरीव लाकूड ओशिवऱ्याच्या जुन्या सामानाच्या बाजारात चांगल्या किमतीस जाईलही. परंतु तेथून ते कोणाच्या दिवाणखान्यात जाईल याचा आपणांस पत्ताही लागणार नाही. धर्मसंहितेचा कलही राखण्याकडेच आहे. १९८३ च्या संहितेच्या ११७१ व्या नियमाप्रमाणे उपासनेस वाहिलेल्या वस्तू आदराने वागवाव्या लागतात आणि त्या लौकिक वापरास लावता येत नाहीत. १२२२ व्या नियमाप्रमाणे, जे देऊळ उपासनेस अयोग्य झाले आहे आणि ज्याची दुरुस्ती शक्य नाही, त्यास महागुरुस्वामी लौकिक उपयोग नेमून देऊ शकतात; मात्र तो उपयोग हीन नसावा, अशी अट आहे. म्हणजे काम बदलावे, पण मान राखावा.

आता आपल्या दालनाविषयी. ते देऊळ नाही, शाळा आहे. परंतु या धर्मग्रामातील तीन पिढ्या तेथे बाराखडी शिकल्या, आणि त्यांत केवळ आपलीच मुले नव्हती. छप्पर उंच आहे, सागवानी वासे आहेत आणि वर मंगळूरी कौले आहेत. ही कौले बासेल मिशनच्या मंडळींनी १८६५ मध्ये मंगळूर येथे कारखाना काढून प्रथम तयार केली, म्हणजे त्यांच्यामागेही एक ख्रिस्ती कष्टाचा इतिहास आहे. आपल्याकडे वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तीव्र उताराच्या कौलांवरून तो वाहून जातो, आणि उन्हाळ्यात तापलेली हवा कौलांच्या फटींतून वर निघून जाते. मधल्या काळात आपण खाली छत ठोकून ती हवा कोंडली आणि मग पंखे वाढविले. दोन्ही बाजूंस समोरासमोर खिडक्या आहेत. त्यांतील एका बाजूच्या आपण कपाटे लावून बंद केल्या. एवढे दोन अडथळे दूर केले तरी दालनाचे अर्धे काम होईल.

माझी सूचना अशी आहे. दिवसा ते दालन वृद्धांसाठी वाचनाची व बसण्या-बोलण्याची जागा असावे. सायंकाळी, ज्यांच्या घरी एकच खोली आहे आणि त्या खोलीत दूरचित्रवाणी चालू आहे, अशा मुलांसाठी अभ्यासिका असावे. आणि तेथे कोणाचाही धर्म विचारला जाऊ नये. रविवारी धर्मशिक्षणाचे वर्ग आणि प्रसंगी लहान समारंभ व्हावेत. यासाठी मध्ये घडीची लाकडी पडदी असावी. देवळातून काढलेले मोडके बाक गोदामात पडून आहेत. त्यांच्या फळ्यांतून पुस्तकांची मांडणी होईल, आणि देवळातील लाकूड वाचनाच्या कामी येण्यास संहितेच्या अक्षरानेही आड येऊ नये, म्हणून आधी महागुरुस्वामींच्या कार्यालयास विचारून घेऊ. ओल आलेल्या भिंतींस सिमेंटचा गिलावा देऊ नये. जुनी चुन्याची भिंत वाफ सोडते, सिमेंट ती आत कोंडते. आणि मंडपेश्वराचा जो व्यावहारिक धडा मी राखून ठेवला होता तो असा, की जे काही नवे करू ते काढता येण्याजोगे करावे: ठोकण्यापेक्षा स्क्रूने बसवावे, फोडण्यापेक्षा झाकावे. पन्नास वर्षांनी आपले नातू आपल्याहून शहाणे असतील, तर त्यांना आपली चूक सुधारता यावी.

नवे सभागृह हवे असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे मी हलके लेखीत नाही. गरिबाच्या मुलीच्या लग्नास बाहेरचे सभागृह परवडत नाही आणि धर्मग्रामास उत्पन्नही हवे, हे दोन्ही खरे. म्हणून पहिली पायरी अशी असावी की, जाणत्या अभियंत्याकडून वासे व पाया तपासून घ्यावा. वाळवीने लाकूड पोखरले असेल आणि मुलांच्या डोक्यावर छप्पर धोक्याचे असेल, तर हट्ट धरू नये. माणसाचा जीव वास्तूहून मोठा. त्या वेळी आपण मरोळच्या लोकांचा कित्ता गिरवू. दार, खिडक्या, चांगले राहिलेले वासे, शाळेची घंटा आणि फळा हे नव्या इमारतीत न्यावे आणि तेथे त्यांना खरे काम द्यावे; काचेच्या पेटीत ठेवू नये. परंतु वासे भक्कम निघाले, तर केवळ नव्याच्या हौसेने ते खाली आणण्याचा अधिकार आपणांस आहे काय, याचा प्रत्येकाने देवापुढे विचार करावा.

दोन्हींपैकी काहीही ठरले, तरी एक गोष्ट नक्की व्हावी. भिंतीत एक लहान दगड बसवावा आणि त्यावर येथे पूर्वी काय होते, कोणत्या साली होते आणि ते कोणाच्या श्रमाने उभे राहिले, हे साध्या मराठीत लिहावे. जागेची जुनी ओळख लपविल्यावर किती काळ ती दडून राहते आणि किती मनांस दुखवून ती बाहेर येते, हे आपल्या उपनगराने पाहिले आहे. ती प्रारंभीच सांगून टाकलेली बरी.

बंधुभगिनींनो, हे देऊळ, हे आवार आणि ते दालन आपल्या हाती काही वर्षांसाठी आहे. आपल्या आधी येथे दुसरे होते, आपल्या मागून दुसरे येतील. ज्युबिली-समितीची सभा पुढील रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर त्याच दालनात भरणार आहे. ज्यांना पाडावेसे वाटते त्यांनी यावे आणि ज्यांना राखावेसे वाटते त्यांनीही यावे. मात्र आत शिरण्यापूर्वी सर्वांनी एकदा मान वर करून ते वासे पाहावे. आपली बुद्धी परमेश्वर उजळो, आपला हात तो आवरो, आणि जे आपण बांधू वा राखू ते त्याच्या गौरवास व शेजाऱ्याच्या उपयोगास येवो, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो. आमेन.